उगवतीला पाठ

घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावरून थोडं आत वळलं की बाईंचा फार्म लागतो. तिथला पहिला दिवा मी लावला. नंतरचे पंप, स्टार्टर, बंगल्याची वायरिंग, फाटकावरची बेल, गोठ्यातले पंखे, सगळं माझ्या हातचं. बाई म्हणजे पुण्यातल्या निवृत्त डॉक्टर. यजमान गेल्यावर त्या इथे कायमच्या राहायला आल्या, आंबे-चिकू लावले, दोन गाई ठेवल्या आणि काहीही बिघडलं की मला फोन करायचा, अशी स्वतःला सवय लावून घेतली. मी जुन्नरजवळच्या आमच्या गावातून मोटरसायकलवर जायचो. अंधार पडल्यावर पंप बंद पडला तरी जायचो, आणि आमच्याकडे अंधारात उसाच्या कडेने गाडी चालवायची म्हणजे बिबट्याला आपण होऊन भेटायला जायचं. पण मी गेलो नाही तर बाई दुसऱ्या वायरमनला बोलावतील, ही भीती मला बिबट्यापेक्षा मोठी होती.

हा माझा स्वभाव आहे. तो आधीच सांगून टाकलेला बरा. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं की मी पेढा घेतो, पण तो घशाखाली उतरत नाही. गावात कुणाकडे नवीन गाडी आली की मी तिच्या टायरला पाय लावून बघतो आणि म्हणतो, "हे मॉडेल मायलेज देत नाय." बायको म्हणते, "तुमच्या पोटात दुखतं ते साऱ्या आळीला ऐकू जातं." खरं आहे. पण परक्यांचा हेवा मला दोन-चार दिवसच पुरतो. जन्मभर पुरला तो माझ्या धाकट्या भावाचा.

तो माझ्याहून सात वर्षांनी लहान. आमचे आबा मेंढरं राखायचे. मी शाळा सोडली तेव्हा त्यांनी मला जुन्नरच्या एका म्हाताऱ्या वायरमनच्या हाताखाली घातलं. शॉक खात खात मी शिकलो. धाकट्याच्या वेळी मात्र आबांनी राहिलेली सगळी मेंढरं बेल्ह्याच्या बाजारात नेऊन विकली आणि त्याला पुण्याला डिप्लोमाला घातलं. बाजारातून परत येताना टेम्पोत मागे आबा आणि मी दोघेच होतो. लेंड्यांचा वास येत होता, आबा खाली बघत होते, आणि माझ्या मनात एवढंच चाललं होतं की माझ्यासाठी ह्यांनी एक कोकरूसुद्धा विकलं नाही. त्या माणसाने त्या दिवशी काय गमावलं, हे माझ्या ध्यानात यायला आबांनाच जावं लागलं.

डिप्लोमा करून धाकटा राजस्थानात गेला. तिथे माळावर नजर पोचेल तिथवर सोलरचे पॅनल असतात, आणि ते जागेवर थांबत नाहीत. सकाळी उगवतीकडे तोंड करतात आणि दिवसभर सूर्याबरोबर वळत वळत संध्याकाळी मावळतीकडे जातात. ते बसवायचे आणि चालते ठेवायचे, हे त्याचं काम. वर्षातून एकदा महिन्याभरासाठी यायचा. ह्या खेपेला गणपती झाल्यावर आला तो लांब रजा टाकून. त्याची बायको आमच्या ओट्यावर हिच्याबरोबर घेवडा निवडत बसली होती. ती म्हणाली, "त्यांचं आता तिकडं मन लागंना. पोरगी बापाला वळखत न्हाई. हितंच काय तरी काम बघायचं म्हणत्यात."

मी आत चहा पीत होतो. सख्खा भाऊ घरी परत येतो म्हटल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. मी चहा तसाच ठेवला आणि उगाचच गाडीचा प्लग काढून साफ करत बसलो.

कारण त्याच दिवसांत बाईंचंही ठरत होतं. त्यांच्या मुलीला परदेशात बाळ व्हायचं होतं. दिवाळी झाली की बाई सहा महिने तिच्याकडे जाणार होत्या, आणि तेवढ्या काळात फार्म कुणाच्या तरी ताब्यात द्यायचा होता. मागच्या दोन खोल्या राहायला, महिन्याचा पगार, आणि बाई परत आल्यावरही तो माणूस तिथेच. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण ते काम माझं, असं मी धरूनच चाललो होतो. कोणत्या खोलीत कपाट बसेल हेसुद्धा मी बायकोला सांगून ठेवलं होतं. वय वाढलं, खांबावर चढताना गुडघे कुरकुरतात, बारा ठिकाणची कामं करून दमायला होतं. ते एक काम मिळालं असतं तर माझं उरलेलं आयुष्य सरळ झालं असतं.

मग बाईंनी सोलरचा विषय काढला. लाईट कधी दिवसा, कधी रात्री; रात्रीच्या पाळीला पंप चालू करायला गडीमाणसं बिबट्यामुळे जायला तयार नव्हती. दिवसा पंप चालावा म्हणून बाईंना पॅनल हवे होते, आणि त्यांनी कुठेतरी फिरणारे पॅनल पाहिले होते. "तसे इथे बसवता येतील का?" त्यांनी मला विचारलं.

मी ते कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. म्हणून लगेच म्हणालो, "आपल्याकडं चालत न्हाईत बाई. वारा लई असतो."

"पण तुमचा भाऊ तेच काम करतो ना? तुम्हीच सांगत होतात मागे."

सांगत होतो. घरात मी त्याच्यावर जळायचो आणि बाहेर त्याच्या नावावर बढाया मारायचो, ही माझी जुनी खोड. त्या दिवशी ती मला भोवली. बाई म्हणाल्या, "त्यांना घेऊन या." मी घेऊन गेलो.

बाईंच्या व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या आहेत. इतक्या वर्षांत बाईंनी मला कितीतरी वेळा "वर बसा" म्हटलं असेल, पण मी पायरीवरच बसायचो. त्यात माझा एक मान आहे, अशी माझी समजूत होती. धाकटा गेला तो सरळ खुर्चीवर बसला. लॅपटॉप मांडीवर उघडला आणि बाईंना दाखवायला लागला. आतून चहा आला. त्याच्या हातात कपबशी, माझ्या हातात नेहमीचा स्टीलचा पेला. बाईंच्या मनात काही नव्हतं. स्वयंपाकाच्या मावशींना माझा पेला पाठ होता, एवढंच. पण तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला माहीत.

काम सुरू झालं. बंगल्यामागच्या उतारावर, पंपहाऊसच्या अंगाला, एका रांगेत सात खांब उभे करायचे. खांबांवरून आडवी लांब नळी जाणार, नळीवर पॅनल, आणि मधल्या खांबावर मोटर. मोटर फिरली की नळी फिरते आणि नळीबरोबर सगळी रांग वळते. ती रांग बरोबर दक्षिणोत्तर हवी. धाकटा सामान आणायला पुण्याला गेला होता. तो यायच्या आत मी मोबाईलमधल्या कंपासवर उत्तर बघितली, दोरी ताणली आणि सातही खुंट्या ठोकून टाकल्या. म्हटलं, आल्यावर त्याला काही करायला उरू नये.

तो आला, खुंट्यांकडे बघितलं. एक काठी घेतली, ओळंबा लावून मोकळ्या जागेत उभी रोवली. सकाळी काठीच्या सावलीचं टोक जिथे पडलं तिथे खडा ठेवला, आणि तेवढ्याच अंतराचा दोर काठीभोवती फिरवून जमिनीवर गोल आखला. दुपार टळल्यावर सावली पुन्हा लांबत त्या गोलाला टेकली, तिथे दुसरा खडा ठेवला. दोन खड्यांमध्ये दोरी धरून म्हणाला, "ही उगवत-मावळत. हिला काटकोनात आपली रांग." माझ्या खुंट्या त्या रांगेपासून चांगल्याच ढळल्या होत्या.

"पंपहाऊसच्या लोखंडानं मोबाईल फसतो दादा," तो हळू म्हणाला. "तुझं काय चुकलं न्हाई. आबा काठीच्या सावलीवर वेळ सांगायचे, तसंच हे."

आबांबरोबर रानात मी गेलो होतो. तो नाही, मी. मेंढरांमागे माझे पाय फुटले होते. तो तेव्हा आईच्या कडेवर होता. आणि आबांची काठी आठवली कुणाला, तर त्याला. मी खुंट्या उपटायला लागलो तर तोही माझ्याबरोबर वाकला. मी म्हटलं, "तू राहू दे, तू इंजिनिअर." तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

पुढे रोज तेच. मी काही सांगावं आणि त्याने ते आधीच बघून ठेवलेलं असावं. मी म्हटलं, थंडीत त्या चिंचेची सावली शेवटच्या पॅनलवर येईल. तो म्हणाला, "बरोबर आहे दादा, म्हणून तर रांग तिथनं अलीकडं संपवली." खड्ड्यातलं काँक्रीट मी ओतलं, खांब मी उभे केले, केबलची चर मी खणून घेतली, आणि संध्याकाळी बाई फेरी मारायला आल्या की त्यालाच विचारायच्या, आज किती झालं. तो सांगायचा, "दादानं सगळं केलं, मी नुसता बघत होतो." असं म्हटलं की बाईंना तो आणखीच आवडायचा. माझी स्तुती करूनसुद्धा तोच वर जायचा. भांडला असता, मला खाली पाडून बोलला असता, तर मला त्याचा राग राग करता आला असता. त्याने ती सोयही ठेवली नाही.

सगळं जोडून झाल्यावर त्याने मला मधल्या पॅनलच्या कडेला बसवलेली एक डबी दाखवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, वर काच, आणि काचेच्या मध्ये उभी पट्टी. पट्टीच्या एका बाजूला उगवतीचा उजेड पडतो, दुसऱ्या बाजूला मावळतीचा. दोन्हीकडे सारखा पडला की मोटर थांबते. एका बाजूला कमी पडला की जिकडे जास्त तिकडे रांग वळते. "सगळा खेळ हिच्यावर आहे," तो म्हणाला. "हिच्या काचेला कायबी लागता कामा नये दादा. धूळ बसली तरी गडबड करती."

मला एकदा सांगितलेलं मी विसरत नाही. माझ्या धंद्यात विसरणारा माणूस टिकत नाही.

पहिल्यांदा रांग फिरली तेव्हा फार्मवरची सगळी माणसं उतारावर जमली. सूर्य वर चढत होता, आणि थोड्या थोड्या वेळाने मोटर घुं करायची आणि सात खांबांवरचे सगळे पॅनल एकदम तीळभर वळायचे. बाई टाळ्या वाजवत होत्या. गोठ्यातला गडी म्हणाला, "सूर्यफुलावानी चाललंय राव." दुपारी पंप चालू केला आणि भर दिवसा, विजेच्या तारेशिवाय, चिकूच्या बुडाशी पाणी पोचलं. बाई धाकट्याला म्हणाल्या, "तुम्ही परत राजस्थानात गेल्यावर हे कोण बघणार, हा आता माझ्यापुढे प्रश्न आहे."

तो म्हणाला, "न्हाई गेलो तर प्रश्नच मिटला बाई." दोघेही हसले. मी पान्हे गोळा करत होतो. माझ्या दोन खोल्या, माझं कपाट, सगळं त्या हसण्यात माझ्या हातून चाललेलं मला दिसलं. घरी आलो आणि बायको म्हणाली, "आज जेवण का जाईना?" मी म्हटलं, ऊन लागलं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात. कोयता, विळा, ट्रॅक्टर, पक्कड, ज्याचं ज्यावर पोट आहे ते सगळं. एकदा हळदी-कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. फार्मवर ही पूजा दर वर्षी मीच करायचो. बाईंना देवाधर्माचं फारसं नाही, पण माणसांना बरं वाटतं म्हणून त्या थांबायच्या. ह्या वर्षी धाकटा म्हणाला, "दादाच्याच हातानं होऊ द्या. मोठा हाये." ताट त्यानेच माझ्या हातात दिलं.

दिवस मावळायला आला होता. मी स्टार्टरला कुंकू लावलं, पंपाला लावलं, मीटरच्या पेटीला लावलं. मग रांगेकडे आलो. आमच्या घरी खंडोबाचा भंडारा लागतो, म्हणून मी हळद पाण्यात जाडसर कालवली होती; ती वाळली की घट्ट बसते. एकेका खांबाला हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट, आणि खाली एक झेंडू. मधल्या खांबाशी आलो तेव्हा पॅनल मावळतीकडे कलून थांबलेले होते, आणि ती डबी माझ्या छातीच्या उंचीवर आली होती. धाकटा रांगेच्या पलीकडच्या टोकाला बाईंबरोबर झेंडूची माळ बांधत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती. ते मी आधी पाहून घेतलं.

मग मी हळदीचं बोट त्या काचेला लावलं. पट्टीच्या उगवतीच्या बाजूला. त्यावर कुंकू.

पुढे मी स्वतःला बरंच काही समजावलं. पूजेच्या नादात हात गेला, खांबावर तेवढीच एक जागा कपाळासारखी दिसली, वगैरे. हे सगळं खोटं आहे. मला तो काय म्हणाला होता ते शब्दन्‌शब्द आठवत होतं. खांद्यावर टॉवेल होता, पुसायला क्षणभर लागला असता. मी पुढच्या खांबाकडे गेलो. नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, धाकट्याच्या हातावरही ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी बाईंनी आजूबाजूच्या बागाईतदारांना आणि गावातल्या चार मोठ्या माणसांना बोलावलं होतं. सोनं द्यायला, आणि फिरणारे पॅनल बघायला. मी लवकर पोचलो. सूर्य डोंगरावरून चांगला हातभर वर आला होता आणि सातही खांबांवरची रांग उगवतीला पाठ करून मावळतीकडे तोंड करून उभी होती. मोटर मुकाट. पाहुणे चहाचे कप घेऊन उतारावर आले. एक जण म्हणाला, "बाई, हे सूर्याबरबर फिरतंय का सूर्यावर रुसलंय?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. दुसरा म्हणाला, "साधे पॅनल लावले असते तर असं तरी झालं नसतं. निदान समोर तरी बघितलं असतं."

माझ्या पोटात किती गार वाटलं म्हणून सांगू. इतक्या वर्षांची आग एकदम विझल्यासारखी वाटली. बाईंनी धाकट्याला फोन केला, तो घरची पूजा अर्धी टाकून आला. कपाळावर गंध, अंगात नवा शर्ट. त्याने दुरूनच रांग बघितली आणि त्याचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा चेहरा पडलेला बघितला, आणि तो मला आवडला.

तो सरळ मधल्या खांबाकडे गेला. आमच्याकडे पाठ करून तिथे जरा वेळ उभा राहिला. मग वाकला, खिशातून रुमाल काढला असावा. मला नीट दिसलं नाही. नंतर कंट्रोलची पेटी उघडली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बराच वेळ तिच्यात डोकं घालून बसला. पाहुणे कंटाळून व्हरांड्याकडे निघाले, तेवढ्यात मोटर घुं करून सुरू झाली आणि रांग सावकाश, खाली मान घालून, उगवतीकडे वळत गेली.

बाईंनी विचारलं, "काय झालं होतं?"

"माझीच चूक बाई," तो म्हणाला. "वायर उलटी बसली व्हती. काल पेटी बंद करायच्या आधी बघायला पायजे व्हतं, बघितलं न्हाई."

"काल संध्याकाळपर्यंत तर चालत होतं."

"ढिली व्हती. निसटली आन मग मी घाईत उलटी लावली."

मी वायरमन आहे. काल त्या पेटीला कुणी हात लावला नव्हता हे मला माहीत होतं, आणि वायर अशी आपण होऊन उलटी होत नाही हेही माहीत होतं. पण बाईंना ते माहीत नव्हतं. त्या बरं म्हणाल्या आणि वळल्या. धाकट्याने मला आपट्याची पानं दिली, खाली वाकून पायांना हात लावला. "सोनं घे दादा." मी घेतलं. मला वाटलं, पुसताना त्याला नुसती धूळ वाटली असेल, झेंडूचा पराग वाटला असेल. खरं कारण सापडलं नाही म्हणून लाज झाकायला वायरीचं सांगतोय. माझी एवढी खात्री झाली की जेवताना मी श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

पाहुणे गेल्यावर दुपारी मी एकटाच उतारावर गेलो. बघावं म्हटलं. रांग तेव्हा आडवी, सूर्य डोक्यावर, डबी उंच गेलेली. तिथला एक रिकामा रंगाचा डबा उपडा घालून त्यावर चढलो. काच लख्ख होती. कडेच्या खाचेतसुद्धा हळदीचा कण नव्हता. काडी घालून काढल्यासारखी साफ. मग खाली उतरताना मला ते दिसलं. डबीच्या बरोबर खाली, खांबाच्या लोखंडावर, हळदीचं एक नवं बोट होतं आणि त्यावर कुंकू. ते मी लावलेलं नव्हतं. माझं मी त्या खांबाला लावलंच नव्हतं, माझं काचेवर होतं. माझं बोट जाड, ठसा पसरट पडतो. हा ठसा बारीक होता.

पूजेचं कुंकू पुसून टाकायचं नसतं. म्हणून त्याने ते काचेवरून काढून खाली नीट लावलं होतं. मोठ्या भावाने केलेली पूजा मोडू नये म्हणून. आणि मग पेटीत डोकं घालून तो नुसताच बसून राहिला होता.

मी त्या उपड्या डब्यावर बसलो. वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्याआधी काय वाटलं ते सांगतो, कारण तेही खरं आहे. आधी वाटलं, इथेही हाच पुढे. काम त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं हे मी कसंतरी पचवलं असतं. पण पापाच्या बाबतीत तरी मी स्वतःचा मालक होतो. तेही त्याने माझ्या हातातून काढून आपल्या नावावर घेतलं. इतका हेवा मला बेल्ह्याच्या त्या टेम्पोतही वाटला नव्हता.

दोन दिवसांनी बाईंनी मला बोलावलं. "वर बसा," म्हणाल्या. मी ह्या वेळी खुर्चीवर बसलो. त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ हुशार आहे, पण मी सातासमुद्रापलीकडे असताना पेटी घाईत बंद करणारा माणूस मला परवडणार नाही. तुमच्या हातून इतक्या वर्षांत कधी वायर उलटी लागली नाही. तुम्हीच राहा इथे."

तिथे मी सांगू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं. "बरं बाई," एवढंच त्यातून बाहेर पडलं. मावशींनी चहा आणला, कपबशीतून.

घरी सांगितलं तेव्हा बायकोने देवापुढे साखर ठेवली. धाकटा ओट्यावर मुलीला खेळवत होता. ती आता त्याच्याशिवाय जेवत नव्हती. तो म्हणाला, "बरं झालं दादा. तुझे गुडघे आता खांबावर चढायचे न्हाईत." त्याची बायको उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. दिवाळीनंतर त्याने रजा संपल्याचं सांगितलं, इथे दुसरीकडे कुठे काम मिळालं नव्हतं.

तो निघाला त्या दिवशी मी त्याला जुन्नरच्या स्टँडवर सोडायला गेलो. पुण्याची गाडी लागलेली होती. त्याने बॅग वर टाकली आणि खिडकीशी बसला. मी खाली उभा. रस्ताभर मी मनात वाक्य जुळवत आलो होतो: वायर उलटी नव्हती, मला माहीत आहे, मी लावलं. तीन तुकडे, फार अवघड नव्हतं. मी खिडकीच्या गजाला हात धरला आणि म्हणालो, "ऐक ना."

पण तोच आधी बोलला. "दादा, मधल्या खांबावरची ती काच तेवढी आठवड्याला पुसत जा. पाखरं बसत्यात तिच्यावर. घाण करत्यात."

हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. टोमणा असेल, राग असेल, निदान मला कळलंय हे तुला कळू दे असं काही असेल. काही सापडलं नाही. तो खरंच एका कामाची गोष्ट सांगत होता, आणि जाता जाता मला पुन्हा एकदा सोडवत होता.

कंडक्टर अजून चहाच्या टपरीवर होता. गाडी सुटायला वेळ होता.

"पुशीन," मी म्हणालो.